मामा कोणाकडले?

आमच्या घरात नाव घेण्यासारखं फुटबॉल कोणीच खेळलं नाही, त्यावरून भांडले मात्र सगळे. आमचे हे ब्राझीलचे आणि माझा धाकटा भाऊ अर्जेंटिनाचा. म्हणजे मुळात एक आर्णीचे कापूस-तूर पिकवणारे शेतकरी आणि दुसरा पांढरकवड्याचा गॅरेजवाला. दोघांपैकी एकानेही अजून समुद्र पाहिलेला नाही. पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचा सातबारा तिकडचाच आहे.

यांचं ब्राझील यवतमाळच्या कॉलेजातलं. तिथे हे दोन वर्षं संघात होते, बराचसा वेळ मैदानाच्या कडेला बसून. संघाचे टी-शर्ट पिवळे होते, कारण दुकानात सगळ्यांच्या मापाचे तेवढ्या एकाच रंगात मिळाले. पिवळा म्हणजे ब्राझील, असं कोणीतरी सांगितलं आणि आमचे हे जन्माचे ब्राझीलवाले झाले. भावाचं अर्जेंटिना हायवेवरचं. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. केरळचे ट्रक दुरुस्तीला थांबले की ड्रायव्हर शेजारच्या धाब्यावर अर्जेंटिनाचे सामने बघत टीव्हीसमोर ठाण मांडायचे. त्यांतल्या एकाने जाताना आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट भावाला दिला. तो त्याने इतका अंगावर वागवला, की पुढे पट्टा कुठला आणि ग्रीस कुठलं ते कळेनासं झालं.

मी हायस्कुलात मराठी शिकवते, त्यामुळे या दोन वाक्यांना जोडणारं उभयान्वयी अव्यय मीच. घरात ब्राझील म्हणायचं आणि माहेरी फोन लावला की अर्जेंटिना. खरं सांगायचं तर मला दोन्ही देश सारखेच होते. गोल झाला की आधी कोणाचा ते विचारायचं आणि मग त्याप्रमाणे चेहरा करायचा, एवढंच माझं फुटबॉल. वीसेक वर्षं मी हे बिनबोभाट निभावलं. मग एका आषाढात ते निभेनासं झालं.

त्या आषाढात दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा होती आणि तिच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने ब्राझीलला हरवलं. सामना आपल्याकडे सकाळी संपला. हे उठले, चहा अर्धाच प्यायले आणि दोनेक तासांनी डवरणीला, पिकातलं तण काढायला जायचं म्हणून बैल बाहेर काढले. तेवढ्यात भाऊ दोन दोस्तांना घेऊन पांढरकवड्याहून मोटारसायकलवर हजर. काही कळायच्या आत त्याने आमच्या फाटकात फटाक्यांची ही लांबलचक माळ लावली. पहिल्याच आवाजाला बैल बिथरले. एकाने दोर तोडला आणि तो पळता पळता नालीत घसरून पडला. पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला. ऐन डवरणीच्या दिवसांत जोडी मोडली.

यांचा राग एरवी दुधासारखा, उतू गेला की लगेच खाली बसणारा. त्या दिवशी मात्र बैलाजवळ चिखलात बसूनच हे ओरडले, "आजपासून माह्या दारात पाय नको ठेवू!"

चूक आपली आहे हे भावाला दिसत होतं. त्याचा चेहराच उतरला होता. पण सोबत दोस्त उभे होते ना. तो म्हणाला, "नाई ठेवत! पोरीच्या लग्नालेही नाई येत, जा!"

माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. भाऊ गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, "आई, मामाशिवाय लग्न करतेत काय?" मी म्हटलं, करतात की. पण मी ज्या ज्या लग्नांना गेले त्यांत नवरीच्या पाठीशी मामा उभा नाही असं एकही आठवेना. मामा मेला असला तर गोष्ट वेगळी. जिवंत मामा सत्तर किलोमीटरवर गॅरेजात पाने फिरवतोय आणि भाची एकटी मांडवात उभी, हे मला डोळ्यांपुढे आणवतच नव्हतं. हिला चालता येईना तेव्हापासून त्याने खांद्यावर वागवलेली पोर ती.

बैल पोळ्यापर्यंत चालायला लागला. हे दोघं दीड वर्ष झालं तरी चालायला लागले नाहीत. मी दोन्हीकडे बोलून पाहिलं. हे म्हणायचे, त्याने येऊन माफी मागावी. तो म्हणायचा, त्यांनी बोलवावं. मी दोघांनाही शेलक्या शब्दांत सुनावलं, त्याचाही उपयोग झाला नाही.

अशात मुलीचं जमलं. मुलगा मुकुटबनकडचा, घरची शेती, दोघंही नोकरीला यवतमाळात. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पौष लागायच्या आत उरकायचं ठरलं आणि शेवटचा रविवार तेवढा हाती राहिला. दुपारनंतरचा मुहूर्त निघाला. दोन्हीकडच्या बायांनी तारीख पक्की केली आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की त्याच रात्री साडेआठला विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. त्या वर्षी विश्वचषकही उन्हाळा सोडून थंडीत आला होता, ऐन कापूस वेचणीत.

त्या महिनाभरात आमच्या यांनी जेवढे देश बदलले तेवढे सदरे बदलले नसतील. अर्जेंटिना पहिलाच सामना सौदी अरेबियाशी हरला, तर हे संध्याकाळी जिलेबी घेऊन घरी आले. "आज आपण सौदीवाले," म्हणाले. माझ्या भावाने दोन दिवस माझासुद्धा फोन उचलला नाही. पुढे ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरला. सामना संपता संपता हातातून गेला म्हणे. दुसऱ्या दिवशी हे शेतात वेचणीवर गेले, तर वेचणाऱ्या बायांनी त्यांना बघून पदर तोंडाला लावले. त्यांतली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "काहो भाऊ, घरी कोनी गेलं काय?" हे म्हणाले, "हाव, गेलं." ती बिचारी खरंच हळहळली. कोण गेलं ते सांगायला लागल्यावर मात्र तिने यांना जे झापलं, ते मला इथे लिहिता येणार नाही.

आता ब्राझील नाही म्हटल्यावर यांनी क्रोएशियाची बाजू घेतली. ज्याने आपल्याला पाडलं त्यानेच पुढे जिंकावं, म्हणजे आपली तरी इज्जत राहील, असा हिशेब. क्रोएशियाला अर्जेंटिनाने धुतलं. मग हे मोरोक्कोकडून झाले. मोरोक्को फ्रान्सकडून हरला. मग यांनी सरळ फ्रान्स धरला. "तुम्ही ज्याच्याकडून होता तो बुडते," मुलगी म्हणाली, "आता साक्षगंधात तरी आपल्याकडूनच राहा, बाबा."

ती हसत म्हणाली, पण रात्री माझ्याजवळ बसून साडीच्या निऱ्या करता करता थांबली. "मामाले सांगितलं काय?" एवढंच विचारलं. मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी दोन फोन केले. पहिला मुलाच्या वडिलांना, म्हणजे आमच्या होणाऱ्या ईवायांना. "तुम्ही पांढरकवड्यावरूनच येणार ना? पुढे रस्त्याचं काम चालू आहे, वळण चुकतं. तिथे माझा भाऊ राहतो, त्याला गाडीत घ्या, तो आणून सोडेल." दुसरा फोन भावाला. "पाहुण्यांना रस्ता दाखवायचा आहे. बाकी काही नाही."

"मी दारात नाई येणार, ताई. सांगून ठेवतो."

"नको येऊ. गाडीतच बस."

"अन् साडेआठले सामना आहे."

"त्याच्या आधी तुले घरी पोचवून देतीन," मी म्हटलं. ही शुद्ध थाप होती. साक्षगंध, जेवणं, आहेर, निरोप, यात साडेआठला कोण कोणाला पोचवतं? पण मला त्या माणसाला फाटकापर्यंत आणायचंच होतं. पुढचं पुढे पाहू, असं मी म्हटलं खरं, पुढे काय ते मला माहीत नव्हतं.

रविवारी फाटकाबाहेर, रस्त्यावरच मांडव घातला. माइक आमच्या शेजारच्या गुरुजींकडे. हे गुरुजी दुसऱ्या तालुक्यातून निवृत्त होऊन त्याच दिवाळीत आमच्या गल्लीत राहायला आले होते. माणूस सोन्यासारखा, पण माइक हातात आला की सोडायचे नाहीत. एक वही घेऊन ते मांडवाच्या तोंडाशी उभे होते. येईल त्याला विचारायचे, "कोणाकडले?" नवरीकडले म्हटलं की डावीकडच्या खुर्च्या, नवरदेवाकडले म्हटलं की उजवीकडच्या. वर वहीत नोंद.

पाहुण्यांच्या दोन गाड्या चारच्या सुमारास आल्या. मी गाडीच्या काचेतून पाहिलं, भाऊ ड्रायव्हरशेजारी बसला होता. माकडटोपी, मफलर, स्वेटर, आणि स्वेटरच्या गळ्यातून डोकावणारे आकाशी-पांढरे पट्टे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. आमचे हे तेव्हा ईवायांना पाणी देत होते, त्यांना काही दिसलं नाही. हे दोघं इथे सगळ्यांसमोर भिडले तर? नवरदेवाकडची माणसं उठून गेली तर? मी पोरीचं भलं करायला गेले आणि भलतंच करून बसले, असं मला वाटायला लागलं.

त्यानंतर काय झालं ते मला थोडं डोळ्यांनी दिसलं आणि थोडं नंतर गुरुजींच्या वहीतून कळलं. भाऊ तासभर गाडीत बसला. मग चहाचा वास आला असेल किंवा पाय आखडले असतील, तो उतरून मांडवाच्या कडेला उभा राहिला. मांडव रस्त्यावर होता, दारात नव्हता, त्यामुळे त्याच्या हिशेबाने शब्द मोडत नव्हता. कानाला फोन होता आणि पलीकडे गॅरेजातला दोस्त रात्रीच्या सामन्याचं काहीतरी सांगत होता. गुरुजी वही घेऊन समोर आले.

"कोणाकडले?"

"अर्जेंटिनाकडला," भाऊ म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

गुरुजींना खेळाचं सोयरसुतक नाही. त्यांनी विचार केला, मुकुटबनच्या पलीकडे तेलंगणाची हद्द, तिकडे गावांची नावं अशीच असणार. त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, "अर्जेंटीना, ता. झरी जामणी." आणि नोंद नवरदेवाकडच्या पानावर केली.

आमच्याकडे साक्षगंधात मुलीला साडी-कुंकू झालं की पुरुषमंडळींच्या भेटी होतात. वडील वडिलांना, काका काकांना, मामा मामांना. कपाळाला गुलाल, गळ्यात दुपट्टा, हातात नारळ आणि मग गळाभेट. लोक तेवढ्यावर ऐकत नाहीत. एकाने दुसऱ्याला उचलून दाखवावं लागतं. गुरुजींनी माइकवरून वडिलांची भेट लावली, हशा झाला. काकांची लावली. मग ते वही पाहून म्हणाले, "आता दोन्हीकडचे मामा."

मांडवात शांतता झाली. म्हणजे आमच्या बाजूला झाली. सगळ्यांना दीड वर्षाची गोष्ट माहीत होती. माझी जाऊ खाली पाहायला लागली. पाटावर बसलेल्या मुलीने डोळे मिटून घेतले. आमचे हे उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मामाच्या जागी मीच उभा राहतो." आवाज बारीक झाला होता. त्या घटकेला मला यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम.

हे मधोमध नारळ घेऊन उभे राहिले. नवरदेवाचे मामा काही पुढे येईनात. ते गाडी नीट लावायला गेले होते, हे नंतर कळलं. गुरुजी थांबणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी मांडवात नजर फिरवली, कडेला पाहुण्यांच्या गाडीजवळ उभा असलेला मफलरवाला त्यांना दिसला, हेच नवरदेवाचे मामा असं त्यांनी धरलं, आणि माइकवरून त्यांनी ठणकावलं, "अर्जेंटिनाचे मामा! या, लाजू नका!"

भावाला वाटलं, ताईने सांगितलं म्हणूनच आपल्याला बोलावतायत. तो दोन पावलं पुढे आला. मग समोर कोण उभं आहे ते त्याला दिसलं आणि तो थबकला. पण तोवर गुरुजींनी जाऊन त्याचा हात धरला होता. त्यांनी त्याला ओढत आणून यांच्यासमोर उभं केलं, टोपी स्वतःच्या हाताने काढली आणि कपाळाला गुलाल फासला.

यांनी त्याला ओळखलं. हातातला नारळ तसाच राहिला. नवरदेवाकडच्या लोकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते आपले टाळ्या वाजवून ओरडत होते, "भेटा ना जी! उचला! उचला!"

हे काय करतात ते मी पाहत राहिले. यांनी नारळ काखोटीला मारला, दुपट्टा भावाच्या गळ्यात घातला आणि त्याला दोन्ही हातांनी कवळा घालून उचललं. भाऊ आधी लाकडासारखा ताठ होता. जमिनीपासून पाय सुटले तसे त्याने यांचे खांदे घट्ट धरले.

"वजन वाढलं बे तुयं," हे धापा टाकत म्हणाले.

"तुमचं कमी झालं, भाऊजी. क्रोएशियानं उतरवलं."

हे हसले. सगळ्यांसमोर, त्याला तसंच उचलून धरून, खदाखदा हसले. मी पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग पुसणं सोडून दिलं. दीड वर्ष छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून नेल्यासारखं मला हलकं वाटलं. मुलगी पाटावरून उठली होती. तिच्या ओटीतली सुपारी गडगडत गेली आणि ती उचलायला कोणीही वाकलं नाही.

कोणीतरी गुरुजींच्या कानाशी लागून चूक सांगितली. गुरुजींचा चेहरा पडला. माइकवर ते म्हणाले, "मंडळी, क्षमा असावी. हे नवरीचेच मामा निघाले. झालेली भेट रद्द समजावी."

"रद्दबिद्द काही नाई," यांनी तिथूनच सांगितलं, "झाली भेट!"

मग नवरदेवाचे खरे मामा आले आणि माझ्या भावाने त्यांना उचललं, रीतसर.

साडेआठला कोणीच कुठे गेलं नव्हतं. टीव्ही मांडवात आणून ठेवला, दोन्हीकडच्या खुर्च्या गोळा करून एकाच बाजूला लावल्या. आमचे हे अजूनही फ्रान्सचेच होते, त्यात काही फरक पडला नाही. भाऊ शेजारच्या खुर्चीत, स्वेटर काढून नुसत्या टी-शर्टवर, थंडीत. मध्यंतराला अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होता. मी जेवणाची ताटं घेऊन आले. भावाने पहिला घास तोंडात घातला, तेव्हा हे जाहिरातीकडे पाहत म्हणाले, "लग्नात पोरीच्या मांगं कोण उभं राहीन?"

भाऊ घास चघळायचा थांबला. "तुम्ही मले कुठी बोलावलं?"

"आता बोलावून राह्यलो ना."

भावाने ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन तो रडायला लागला. एवढा मोठा, मिशीवाला माणूस, सगळ्या पाहुण्यांसमोर. माझी मुलगी साक्षगंधाच्या साडीतच धावत येऊन त्याच्यासमोर खाली बसली. "मामा, दोन गोलांनी समोर असून रडून राह्यले तुम्ही?"

"दीड वर्ष झालं वं," तो म्हणाला. "तुले पाह्यलं नव्हतं, दीड वर्ष."

तिने त्याचं ताट उचलून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवलं. मी तिथल्याच एका रिकाम्या खुर्चीवर बसले आणि मला वाढायला जायचं आहे हे विसरूनच गेले. खेळ पुन्हा सुरू झाला. बऱ्याच वेळाने फ्रान्सने लागोपाठ दोन गोल करून बरोबरी साधली, मांडवात अर्धे लोक उड्या मारायला लागले आणि भावाने कपाळाला हात लावला. आमचे हे ओरडले नाहीत. भावाच्या पाठीवर हात ठेवून ते बसून राहिले.